जुना ट्रॅक्टर, उभं गवत

आमच्या विंचूरमध्ये नवा ट्रॅक्टर घेतलेला माणूस आधी घरी जात नाही, देवाला जातो. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, कुंकवाचं स्वस्तिक आणि मडगार्डवर बसलेली घरातली पोरं. अशी ती वरात तीनपाटीवरून वळते तेव्हा टपरीवरचे लोक हात उंचावून विचारतात, "केवढ्याला पडला?" मग पेढे वाटले जातात. जुना ट्रॅक्टर घेतलेल्याच्या नशिबी यातलं काही नसतं. तो दिवेलागणीला शिवरस्त्यानं येतो, गोठ्याच्या कडेला उभा राहतो आणि त्याला एकच प्रश्न विचारला जातो, "कोणाचा आणला?"

विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते, पण प्रश्न अगदी बरोबर असतो. नव्या यंत्राला किंमत असते. जुन्याला आधी मालक असतो, किंमत त्याच्यावरून ठरते.

मी घेतला तो बागेतला छोटा ट्रॅक्टर. ज्यांनी द्राक्षबाग आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन ओळींत नऊ फूट अंतर, वर तारांचा मांडव, मध्ये अँगल आणि बांबू. त्या बोळातून मोठा ट्रॅक्टर गेला तर घड राहत नाहीत आणि ट्रॅक्टरचे दिवेही राहत नाहीत. पूर्वी फवारणीला बांधावर पंप लावायचा, लांबच लांब नळी ओढायची, एकानं गन धरायची आणि दोघांनी नळी सांभाळायची. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाचा हंगाम आला की ही माणसं दिवसदिवस औषधात भिजत. मग पंधरा-अठरा हॉर्सपॉवरची ही ठेंगणी यंत्रं आली. महिंद्राचा एका सिलिंडरचा 'युवराज' आला, बंगळुरूच्या व्हीएसटीनं जपानच्या मित्सुबिशीशी हात मिळवून आणलेला तीन सिलिंडरचा 'शक्ती' तर त्याच्याही आधीपासून होता. मागे ब्लोअर जोडला की एक माणूस सकाळच्या गारव्यात बाग फवारून मोकळा. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला पहिल्यापासून 'खेळणं' म्हणत. माझा कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्या तक्रारी येणार आहेत आणि त्यातला दोष कंपनीचा किती आणि आधीच्या मालकाचा किती, हे ठरवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

फवारणीला ब्लोअर भाड्यानं मिळतो. मला ट्रॅक्टर हवा होता तो गवतासाठी.

हे वाक्य आमच्या गावात मोठ्यानं म्हणता येत नाही. 'तण खाई धन' हे जिथे रक्तात मुरलंय, तिथे बागेत गवत राखणारा माणूस एकतर आळशी, नाहीतर कर्जबाजारी. स्वच्छ रान ही आमच्याकडे अब्रू आहे. मुलगी बघायला आलेले पाहुणे घरातली भांडी नंतर बघतात, आधी बांधावरून बागेत डोकावतात. ओळीत काडी दिसता कामा नये. आप्पांच्या उमेदीत निंदायला बाया मिळत. पुढे बाया मिळेनाशा झाल्या तेव्हा तणनाशक आलं, आणि रान पुन्हा लख्ख दिसायला लागलं. पण युरोपला माल पाठवणाऱ्यांनी २०१० मध्ये एक धडा घेतला. वाढरोधक म्हणून मारलेल्या लिहोसीनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, अंश द्राक्षांत सापडले आणि कंटेनर तिकडे अडकले. तेव्हापासून बागेत काय ओतायचं यावर माणूस दोनदा विचार करतो. ग्लायफोसेटवर तर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातले. कागदावर ते आता फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरायचं. कागदावर, असं मुद्दाम म्हणतो.

गवताच्या बाजूनं मला वळवलं ते मात्र कोणत्या नियमानं नाही. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतो? दिवाळीत सुरू झालेला पाऊस थांबेना, अरबी समुद्रात एकामागून एक वादळं उठत होती. छाटण्या झालेल्या, कोवळी फूट बाहेर, आणि डाऊनीला याहून चांगले दिवस कोणते? औषध घरात होतं, ब्लोअर तयार होता, पण ट्रॅक्टर बागेत जाईना. आमची काळी जमीन ओली झाली की चाकाला चिकटते, चाक नुसतं गरगर फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खणतं. वाफसा येईपर्यंत थांबावं लागतं, आणि डाऊनी वाफशासाठी थांबत नाही. त्या दिवसांत खालच्या शिवारात एकाची बाग फवारली जात होती. त्याच्या ओळींत हराळी माजली होती म्हणून गाव त्याला हसायचं. मुळांच्या त्या जाळ्यावर चाकाला पकड मिळत होती. त्यानं काही अभ्यास करून गवत ठेवलं होतं असं नाही, त्याच्याकडे निंदायला पैसे नव्हते. पण त्या साली त्याची पानं हिरवी राहिली, आणि आमच्या आरशासारख्या रानातली करपली.

गवताचा हा हिशेब नवा नाही. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं सांगताहेत की नांगरट सोडा, तणाची मुळं जागेवर कुजू द्या, जमीन तीच पोसतात. ऐकलं सगळ्यांनी, डोळ्याला मात्र पटत नाही. आप्पांचा विरोधही नुसत्या सवयीचा नव्हता. त्यांचं म्हणणं, गवतात थ्रिप्स लपतात, मिलीबग लपतो, लव्हाळ्याला वरून कितीही कापा, खाली गाठी शाबूत राहतात. आणि निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दरवर्षी पेपरात येतो, आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. उंच गवतामुळे जमिनीतली ऊब वर येत नाही, गारठा वाढतो, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. म्हणजे गवत हवं, पण वाढलेलं नको. ते काढायचंही नाही आणि सोडायचंही नाही, तीन-चार बोटं राखायचं. कापलेलं तिथंच पडू द्यायचं. धूळ बसते, लाल कोळी कमी होतो, पावसात चाक चालतं. पण हे काम कधी संपत नाही. निंदणी 'झाली' म्हणता येते. गवत कापणं कधी 'झालं' असं म्हणता येत नाही. पावसाळ्यात पाठ फिरवली की ते परत उभं असतं. एवढ्या वेळा भाड्याचा ट्रॅक्टर बोलावणं परवडत नाही, आणि नव्यासाठी कर्ज काढून त्यानं गवत कापलं तर घरात कोण ऐकून घेईल?

म्हणून जुना.

जुन्या ट्रॅक्टरचा बाजार कुठे भरतो असं कोणी विचारलं तर मी कांदा मार्केटकडे बोट दाखवीन. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आमच्या गावात आहे. सकाळी लिलावाला रांगा लागतात आणि रांगेत उभा असलेला माणूस भावाची वाट बघता बघता शेजारच्याचे टायर बघतो. एजंट तिथंच फिरत असतात, खिशात फोन आणि फोनमध्ये ट्रॅक्टरचे फोटो. हा बाजार वाईट सालांवर चालतो, हे कोणी बोलून दाखवत नाही. कांदा पडला की हप्ता थकतो, हप्ता थकला की फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून नेतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर, २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर एजंटांच्या फोनमध्ये फोटो वाढले. विकणारा "आता मोठा घ्यायचाय" असं सांगतो. तसंच असेलही. घेणाऱ्यानं ते खरं मानावं आणि भाव करताना आवाज खाली ठेवावा, असं मला वाटतं. कोणाच्या तरी अंगणातून ती वस्तू निघालेली असते, आणि ओट्यावर उभी असलेली बाई काही बोलत नाही.

आप्पा बैल घ्यायचे तेव्हा मी लहान होतो. दात बघायचे, दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग शेपटी पिळून चाल बघायची, आणि रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा. हे गाव विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं, १७६१ मध्ये पानिपतावरून जिवंत परतलेल्या मोजक्या सरदारांपैकी ते एक. त्यांच्या पागेसाठीही कोणीतरी घोड्यांचे ओठ वर करून बघितलेच असतील. ट्रॅक्टरला दातांच्या जागी अवर मीटर असतो, आणि बैल वयाबद्दल खोटं बोलू शकत नाही, मीटर बोलू शकतो. वायर काढून ठेवली की तास चढतच नाहीत. म्हणून मी ज्यांना घेऊन गेलो त्या मिस्तरींनी मीटरकडे पाहिलंच नाही. त्यांनी क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं. ते पार गुळगुळीत झालेलं. "मीटर झोपलाय, पाय जागा होता," एवढंच म्हणाले.

मिस्तरींचे नियम थोडे आहेत आणि ते कुठे लिहिलेले नाहीत. पहिला म्हणजे न सांगता जायचं, पहाटे जायचं. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर मालक इंजिन आधीच गरम करून ठेवतो, आणि गरम इंजिन कोणाचंही चालू होतं. बॉनेटवर हात ठेवून बघायचं, गार असेल तरच पुढचं बोलणं. चालू झाल्यावर धूर बघायचा. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय किंवा एअर क्लीनर तुंबलाय, त्याची भीती नाही. सकाळचा पांढरा थोड्या वेळात गेला तर ठीक. निळसर धूर निघाला आणि निघतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय, रिंगा गेल्या, म्हणजे आज ना उद्या इंजिन बांधावं लागणार. ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइल काळं असलं तर चालेल, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं आणि चालू इंजिनात आत बुडबुडे येतात का बघायचं. लिफ्टला वजन अडकवून वर उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत वजन जमिनीला टेकलं तर हायड्रॉलिकचं काम निघालं. सगळ्यात शेवटी त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. त्या वेळी मालक आणि मी दोघंही श्वास रोखून उभे होतो, दोघांची कारणं वेगळी.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. रंग नवा असेल तर परत फिरायचं. आमचा बिनरंगाचा होता, आणि त्याच्या अंगावर सगळं वाचता येत होतं. मडगार्डच्या कडांवर तारांचे ओरखडे आणि सायलेन्सर खाली वळवलेला, पानं भाजू नयेत म्हणून. मागच्या बोल्टांवर निळसर हिरवी पुटं. ते मोरचूद. बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. फ्रान्सच्या बोर्डोकडे १८८५ च्या सुमारास डाऊनीवर ते रुजलं आणि आज आमच्याकडे प्रत्येक बागायतदाराच्या शर्टावर त्याचे डाग आहेत. पानाला वाचवणारं हे औषध लोखंडाला खातं. बागेतून निघालेल्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुधा बरं असतं, कारण त्यानं नांगर ओढलेला नसतो, पण त्याचे बोल्ट निघत नाहीत. मिस्तरी म्हणाले, "हा द्राक्षातला आहे. पोटानं चांगला, हाडं गंजलेली." घेतला.

कागदांबद्दल थोडक्यात. आरसी बुकावर फायनान्सचा बोजा होता, पैसे फिटलेले होते पण नोंद उतरवलेली नव्हती. एनओसी आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सही समोर घ्यायची, चेसिस नंबर स्वतः ओल्या फडक्यानं पुसून वाचायचा. गावात असे कित्येक ट्रॅक्टर फिरतात ज्यांचा कागदावरचा मालक वारलेला आहे. त्यांच्या वारसांना सहीसाठी शोधत फिरण्यापेक्षा इंजिन बांधणं सोपं.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. ट्रॅक्टर आल्यावर त्याला व्हिडिओ कॉल करून दाखवला, तर तो हसत हसत घरामागे गेला आणि त्यानं गॅरेजचं दार वर केलं. आत त्याचा 'ट्रॅक्टर'. बसून चालवायचं लॉन मोअर, तोही जुना, कोणा निवृत्त गृहस्थाकडून घेतलेला. पुढे पेट्रोलचं इंजिन, पोटाखाली बेचाळीस इंची डेक, त्यात पट्ट्यानं फिरणारी पाती. म्हणजे माझं यंत्र अंगानं थोरलं आणि त्याचं कपड्यांनी चांगलं. त्याच्याकडे गवत वाढलं तर नगरपालिकेचं पत्र येतं. तिकडे पुष्कळ गावांनी गवताची जास्तीत जास्त उंची ठरवून टाकली आहे. पत्र आलं नाही तरी शेजारी बघतातच. मला मजा वाटली. तिथे अब्रू कापलेल्या हिरव्या गवतात आहे, इथे ती बिनगवताच्या काळ्या ढेकळांत. दोन्हीकडे माणूस शनिवार-रविवार घालवतो तो शेजाऱ्याच्या डोळ्यासाठी.

गवत कापायचं यंत्र निघालं तेही दिसण्याच्या हौसेतून. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राऊडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडाची उभी राहिलेली लव दंडगोलाकार पात्यांनी तासत. ते बघून त्याला सुचलं की हेच पातं जमिनीवर चालवता येईल. १८३० मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्याआधी साहेबांच्या बंगल्यापुढचं गवत एकतर विळ्यानं कापत किंवा मेंढ्या चारत. मग घोडे आले, वाफ आली, १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीनं पेट्रोलवर चालणारं यंत्र विकायला काढलं, आणि ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरनं १९६३ मध्ये अमेरिकेतल्या घरमालकासाठी आपला पहिला छोटा लॉन ट्रॅक्टर आणला. शेतातलं यंत्र आखडून अंगणात गेलं. आमच्याकडे उलट, अंगणाच्या मापाचं यंत्र शेतात आलं, कारण शेतच वाटण्या होत होत त्या मापाचं झालं.

चुलतभावाच्या आणि माझ्या बोलण्यात तेव्हापासून राजकारण कमी झालं आणि पाती वाढली. त्याचं दुखणं पेट्रोलचं. तिकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, हिवाळाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो आणि वसंतात यंत्र रुसतं. टाकी रिकामी करायची, नाहीतर इंधन टिकवणारं औषध घालायचं. माझं दुखणं हवेचं. डिझेल संपत आलं आणि पाइपात हवा शिरली की इंजिन बंद, मग फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसायचं, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत. हे काम नेमकं अंधारात आणि बागेच्या मध्यावर येतं. ब्लोअरमुळे औषधाचा धुरळा सगळ्यात आधी एअर क्लीनरमध्ये जातो, म्हणून पुस्तकात लिहिल्यापेक्षा तो लवकर साफ करावा लागतो. सीटखाली उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात, तिथे डांबरगोळ्या ठेवतो, उंदरांना त्या आवडत असाव्यात.

ट्रॅक्टरमागे जोडलेल्या गवत कटरच्या पात्यांवर मात्र मी जीव लावला आहे, ते कबूल करायला हरकत नाही. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. फाटलेली टोकं दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात आणि ओळभर दिसतात. पातं ग्राइंडरवर घासायचं तर दोन्ही बाजूंनी सारखं घासलं पाहिजे. भिंतीत खिळा ठोकायचा, पात्याचं मधलं भोक खिळ्यात अडकवायचं आणि हात सोडायचा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिथून अजून थोडं घ्यायचं. पातं आडवं स्थिर राहिलं की झालं. ही तपासणी न्यू जर्सीतही अशीच करतात. न केली तर पातं थरथरतं, थरथरीनं बेअरिंग जातं, बेअरिंगबरोबर घर जातं, म्हणजे बेअरिंगचं घर, आमचं नव्हे, अजून तरी. आप्पा हे सगळं ओट्यावरून बघत असतात. त्यांनी विळ्यांना धार लावण्यात आयुष्य काढलं. एकदा काठी टेकत आले, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोन उभा घेतलाय. अजून निजव." गवताबद्दल ते आजही बोलत नाहीत. धारेबद्दल बोलतात.

जुन्या ट्रॅक्टरांबद्दल मला एका गोष्टीचा राग आहे, आणि तो सगळ्या मालकांवर आहे. मागचं अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण असतं. ग्रीस करताना ते आड येतं म्हणून कोणीतरी काढून टाकतो आणि परत बसवत नाही. विकायला आलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ते नसतंच, आणि घेणारा त्याचे पैसे कापतही नाही, कारण त्याच्या लेखी ती चैनीची वस्तू. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, लुंगीचा काठ, एकदा गुंडाळला गेला की माणसाला 'अरे' म्हणायला वेळ मिळत नाही. टायरसाठी घासाघीस करणाऱ्यांनी या आवरणासाठी थोडी तरी करावी. मी पहिला खर्च त्याच्यावर केला. बॅटरी नंतर आणली, तोवर उतारावर उभा करून ढकलून चालू करत होतो.

वाईन पार्ककडून जाताना हल्ली माझं लक्ष गवताकडे जातं. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरला एमआयडीसीचं हे पार्क उभं राहिलं तेव्हा गावातल्या प्रत्येकाला आपण आता फ्रान्सच्या पंगतीला बसणार असं वाटलं होतं. २००८ नंतर मंदी आली, वाईन पडून राहिली, ज्यांनी वाईनच्या जाती लावल्या होत्या त्यांनी वेली उपटल्या. काही कारखाने नीट चालू आहेत, काही प्लॉटवर गाजर गवत पुरुषभर उंच. गवत नेमकं कुठे वाढतं? जिथून माणसाचं येणंजाणं थांबतं तिथे. बागेत मी ते राखतो, तिथे ते कोणीही राखलेलं नाही, दोन्ही गवतांना लांबून बघणारा एकच नाव ठेवतो. आमच्या बांधावरून जाणाऱ्यांचीही सुरुवातीला तीच गत झाली. "काय नाना, बाग सोडली का?" असं दोघा-तिघांनी तोंडावर विचारलं. त्यांना काय सांगणार? ओळीत कापलेल्या घोळ, केना, हराळीचा थर असतो, पाय दाबला की खालची माती भुसभुशीत लागते. पण त्यासाठी बांध उतरून आत यावं लागतं, आणि नावं ठेवायला आत यायची गरज पडत नाही.

जुन्या यंत्राचंही तसंच. ते लांबून गरिबीसारखं दिसतं. नव्या ट्रॅक्टरचा मालक आवाज बदलला की शोरूमला फोन करतो. माझ्या कानाला आता घरातल्यांच्या खोकल्याइतका माझ्या जुन्याचा आवाज ओळखीचा झालाय. फॅनबेल्ट ढिला पडलाय की पाण्याचा पंप कण्हतोय हे बागेच्या दुसऱ्या टोकाला कळतं. बायको म्हणते, "अहो, माझं बोलणं मात्र शेजारी बसून ऐकू येत नाही." खरं आहे. सतत लक्ष मागणारी वस्तू घरात आली की दुसरं कुठलं तरी लक्ष कमी होतंच. जुन्या वस्तूचा खर्च मोजताना हे कोणी धरत नाही. ज्यांना सकाळी किल्ली फिरवायची आणि निघायचं आहे, ज्यांच्याकडे कर्ज फेडायची ऐपत आहे, त्यांनी नवाच घ्यावा, पेढे वाटावेत. जुना त्यानं घ्यावा ज्याला काळे हात घेऊन जेवायला बसण्याची लाज वाटत नाही आणि ज्याच्या गावात चांगला मिस्तरी आहे. यात दुसरी अट पहिल्यापेक्षा मोठी.

यंदाच्या पावसाळ्यात एक नवीनच झालं. वरच्या मळ्यातला एक पोरगा आला. शिकलेला, बापानं नवीन मोठा ट्रॅक्टर घेतलेला, तो बागेत शिरत नाही. "नाना, तुमचा कटर लावून देता का? बापाला सांगितलंय एकच ओळ करून बघतो." मी तासाचा भाव सांगितला. त्यानं कमी करायला सांगितला, मी नाही केला, ग्रीस आणि बेअरिंग फुकट येत नाहीत. मग त्याला म्हणालो, आधी सगळ्या ओळींतून पायी चालत जा, दगड उचल, तारेचे तुकडे उचल, ठिबकची नळी खाली लोंबत असेल तिथे वर बांधून घे. नळी पात्यात गेली तर भरून तू देणार. गळ्यातलं उपरणं घरी ठेव. शाफ्टचं कव्हर काढलेलं दिसलं तर ट्रॅक्टर तिथूनच परत आणीन. आणि वाफसा नसला तरी चालेल म्हणून पहिल्याच दिवशी चिखलात घालू नको, तुझ्या रानात अजून मुळं नाहीत, त्यांना दोन पावसाळे दे. "बापाला काय सांगू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांग, भाड्याचं होतं, एकच तास होता, सगळं गवत काढून व्हायच्या आत संपला.